बघणाऱ्याची खुर्ची

मला भाषणं द्यायला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. बाकीचे लोक म्हणतात, आग्रह झाला म्हणून उभा राहिलो. माझं तसलं काही नव्हतं. माईक दिसला की माझे हात शिवशिवायचे. मी मूळची सांगलीची, नोकरी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर गंडणार म्हणून जो तो घाबरलेला. त्यामुळे कुठेही परिषद भरली की कॉम्प्युटरवर बोलणारं एक माणूस लागायचंच, आणि सातारा-सांगलीकडे बोलवलं की मी पहिली एसटी पकडून हजर व्हायचे.

आमच्या कंपनीला परदेशातल्या एका गिऱ्हाइकाकडून कामाची एक नवी पद्धत शिकायला मिळाली होती. आज तिला अ‍ॅजाइल म्हणतात आणि पोरं ती कॉलेजातच शिकून येतात. तेव्हा इकडे तिला धड नावही नव्हतं. वर्षभर एक मोठा प्रोग्रॅम लिहीत बसायचं नाही, थोडा थोडा लिहायचा आणि रोज चालवून बघायचा, ही पहिली गोष्ट. त्यासाठी एक हत्यार होतं, म्हणजे दुसरा एक छोटा प्रोग्रॅमच, जो आपल्या प्रोग्रॅमची तपासणी करायचा. बटण दाबलं की सगळं बरोबर असेल तर पडद्यावर हिरवी पट्टी यायची, कुठे चूक राहिली असेल तर लाल. आणि शेवटची गोष्ट जोडीची. एका कॉम्प्युटरसमोर दोन माणसं बसायची. एक लिहिणारा, कीबोर्ड त्याच्या हातात. दुसरा बघणारा. त्याने फक्त बघायचं आणि चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायचं.

जोडीच्या गोष्टीला आले की माझा आवाज आपोआप चढायचा. "एकट्यानं बसायचं नाही," मी टेबलावर हात आपटून सांगायचे, "कधीच नाही." लोकांना ते आवडायचं. पुढच्या रांगेतले प्राध्यापक सुद्धा डुलक्या सोडून वर बघायचे.

सांगलीतल्या पहिल्या भाषणानंतर दोघेजण मला भेटायला आले. दोघंही तिशीच्या आतले, एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातले, कवठे महांकाळकडचे. शर्ट इनमध्ये, पायात चपला. एकजण बोलका होता. दुसरा नुसता उभा राहून ऐकत होता. मी त्यांना तिथेच, हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, जोडीने बसायला लावलं. बोलका कीबोर्डपाशी बसला, न बोलणारा त्याच्या डाव्या हाताला. थोड्या वेळाने त्या न बोलणाऱ्याने बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा वाजवलं, टक टक. लिहिणारा थांबला, त्याने मान डावीकडे कलती केली, पडद्यावर बघितलं आणि चूक दुरुस्त केली.

"अहो, तोंडानं सांगा की," मी म्हटलं.

"त्यो बोलत न्हाई मॅडम," लिहिणारा म्हणाला, "वाजवतो. आमचं कळतं आमाला."

मग त्याने मला जे प्रश्न विचारले, ते मला त्या वेळी गमतीचे वाटले. आमच्या भागात माणूस नेम धरतो. कुणी औंधच्या यमाईला दर पौर्णिमेला जातो, कुणी एक वेळ जेवतो. नेमाचे कायदे असतात. कुणी दिला, कुठल्या वारी धरला, खंड पडला तर काय आणि सोडायचा झाला तर कुणी सोडवायचा, हे सगळं आधी विचारून घेतात. लिहिणाऱ्याने मला तेच एकामागून एक विचारलं. सुरुवात कधी करायची? मी म्हटलं, करा की गुरुवारी. मधी खंड पडला तर? मी म्हटलं, पाडायचाच नाही. आणि सोडायची पाळी आली तर? माझी पुण्याची गाडी सुटायला आली होती. मी पर्स खांद्याला लावता लावता म्हटलं, "तशी पाळी आली तर मला येऊन विचारा." त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. मला आजही त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही. समोरच्याने काय गाठीला बांधलं, ते बोलणाऱ्याला कुठून कळणार?

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर साताऱ्याला परिषद होती. त्याच त्या गोष्टी सांगून मला कंटाळा आला होता. म्हटलं, या वेळी भाषण कमी आणि प्रत्यक्ष दाखवणं जास्त. जोडी स्टेजवर बसवायची आणि लोकांसमोर काम करून घ्यायचं. मी कारखान्याला फोन लावला. ते दोघं अजून जोडीने बसतात का, असं विचारलं. पलीकडून कुणीतरी साहेब म्हणाले, "बसतात की, रोज बसतात. पाठवून देतो." एवढंच बोलणं झालं.

पोवई नाक्याजवळच्या हॉलपाशी सकाळी कारखान्याची जीप आली. मागच्या सीटवरून लिहिणारा उतरला. बारीक झाला होता. उतरल्यावर त्याने दार लगेच लावलं नाही. मागून अजून कुणीतरी उतरतंय तसं ते धरून उभा राहिला, आणि मग हळूच लावलं. मागच्या सीटवर दुसरं कुणी नव्हतं.

"तुमचे जोडीदार कुठायत?" मी विचारलं.

"आलाय की," तो म्हणाला.

मला वाटलं, गेला असेल हातपाय धुवायला. माझ्यामागे शंभर भानगडी होत्या. प्रोजेक्टर पुण्याहून भाड्याने आणलेला, त्याची पिन इथल्या कॉम्प्युटरला बसत नव्हती, आणि आयोजक मला सारखे हार कधी घालायचा ते विचारत होते. मी टेबलापाशी दोन खुर्च्या लावून घेतल्या. माईक एकच होता. तो बघणाऱ्याच्या बाजूला, डावीकडे ठेवला, कारण बोलणं असतं ते बघणाऱ्याचंच. हा बघणारा बोलायचा नाही, हे माझ्या लक्षात होतं, पण निदान वाजवलेलं तरी लोकांना ऐकू जाईल असं वाटलं.

कार्यक्रम सुरू झाला. लिहिणारा येऊन उजवीकडच्या खुर्चीत बसला. डावीकडची रिकामीच. मी त्याला डोळ्याने खुणावलं, दुसरा कुठे? त्याने मला सुरू करा म्हणून मान हलवली. हॉल भरलेला, आता काय तमाशा करायचा? मी पदर खोचला आणि बोलायला लागले.

त्याने लिहायला सुरुवात केली. उसाची लागण केलेली तारीख घ्यायची, आजपर्यंत ऊस किती महिन्यांचा झाला ते काढायचं आणि त्यावरून तोडणीचा क्रम लावायचा. सगळ्यांना समजणारं काम. तो लिहीत होता, पडद्यावर अक्षरं उमटत होती. मी म्हणाले, बघा, आता बघणारा काय करतो ते. आणि मनात म्हटलं, ये बाबा लवकर, अब्रू घालवू नकोस.

स्पीकरमधून आवाज आला. टक टक.

लिहिणारा थांबला. त्याची मान डावीकडे कलली. "व्हय, व्हय," तो हळू म्हणाला, आणि वरच्या ओळीतला एक आकडा बदलला. मग परत लिहायला लागला. हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, ही नक्कल चाललीय. मलाही तसंच वाटलं, आणि असा काही राग आला. मी गंभीरपणे काहीतरी दाखवतेय आणि हा माझ्या कार्यक्रमाचं वगनाट्य करतोय. मागे बसलेला माईकवाला मात्र हसत नव्हता. त्याने आपल्या यंत्राची बटणं फिरवून बघितली, वायर हलवून बघितली आणि तो परत बसला.

थोड्या वेळाने पुन्हा टक टक. मी या वेळी त्याच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात कीबोर्डवर होते.

आता खरी गोष्ट सांगते. मी पुण्याहून येताना फ्लॉपीवर प्रोग्रॅमचा एक तुकडा आणला होता आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरून ठेवली होती. दोन हजार सालचा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, आणि मी तो अठ्ठावीसचा धरून ठेवला होता. अशी चूक पटकन दिसत नाही. जोडी ती कशी पकडते हे लोकांना दाखवायचं होतं. मी ती कुणालाही सांगितली नव्हती, आयोजकांनाही नाही. मी फ्लॉपी त्याच्या हातात दिली. त्याने ती घातली, तो तुकडा पडद्यावर आणला आणि भराभर खाली सरकवत निघाला. एवढ्या वेगात त्याने तो वाचलाच नसणार. चुकीची ओळ वर सरकली, पडद्याबाहेर जाणार, तेवढ्यात टक टक. या वेळी जोरात. पहिल्या रांगेतली एक बाई दचकली.

"कुठं?" लिहिणाऱ्याने विचारलं. त्याने मला विचारलं नव्हतं. मग तो ओळी मागे घेत आला, नेमका तिथे थांबला आणि अठ्ठावीसचे एकोणतीस केले. बटण दाबलं. हिरवी पट्टी.

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, दुसरं काय करणार?

चहाच्या वेळी लिहिणारा कुठे दिसेना. मी तशीच बाहेर जीपपाशी गेले. ड्रायव्हर बॉनेटला टेकून भडंग खात होता. मी विचारलं, "अहो, यांच्याबरोबर ते दुसरे असायचे, बोलायचे नाहीत फारसे, ते आले नाहीत का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वेडंवाकडं बोलले होते.

"आवं बाई, त्यो कवाच गेला की," तो म्हणाला. "आखाडात. हिरीवरची मोटर चालू कराया गेला आन् करंटला चिकटला. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, नाही.

"ह्यो काय ऐकंना झालाय," ड्रायव्हर म्हणाला. "रोज शेजारी खुर्ची ठेवतो. साहेब काय बोलत न्हाईत, काम लय चोख चाललंय म्हनून. आज जीपमदी बी डावीकडची जागा मोकळी ठिवून बसला. मी आरशात बघतच न्हाई मागं."

संध्याकाळच्या गाडीने मी पुण्याला निघाले. मी विज्ञान शिकलेली बाई. खिडकीला डोकं टेकून मी स्वतःला समजावत होते. माईकची वायर सैल असते, कुणाचा तरी पाय लागतो. आणि ज्याच्या शेजारी माणूस वर्षभर बसला, तो काय बोलेल, कुठे अडवेल, हे त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसणारच. सगळं नीट जुळवून झालं आणि शिरवळला गाडी थांबली. चहा पिऊन लोक परत चढले. एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेपाशी येऊन म्हणाले, "बाई, इथं कुणी बसलंय का?" आणि माझ्या तोंडून नाही निघेना. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. ते बिचारे पुढे जाऊन उभे राहिले. आपण शिकलेसवरलेले आहोत याचा त्या दिवशी मला काडीचाही उपयोग झाला नाही.

महिन्याभरात सांगलीला पुन्हा परिषद होती. मी आदल्या दिवशी माहेरी येऊन राहिले. दुपारी आई म्हणाली, कुणीतरी तुला भेटायला आलंय. बाहेरच्या खोलीत एक बाई बसली होती, पंचविशीची असेल. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. बरोबर तिचा भाऊ. तो चपला घालून दारातच उभा. घरातल्या बाकीच्यांना ती त्याच्याकडे ठेवून आली होती. मला बघून ती उठली.

"ताई, मी त्यांची बायको," ती म्हणाली. "कारखान्यातलं. जे बोलत न्हवतं."

मी तिला बसवलं, आईने पाणी आणलं. तिने पाण्याला हात लावला नाही, सरळ सांगायलाच सुरुवात केली. दहाव्याच्या दिवशी नदीवर पिंड ठेवलं, तर कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर ओळीने बसलेले. भाऊबंदांनी एकेक कबूल करायला सुरुवात केली. पोराला शिकवतो. नाही. म्हाताऱ्या आईला बघतो. नाही. बहिणीचं लग्न करून देतो. एकही कावळा खाली उतरेना. ऊन चढलं, शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि लोक घरी गेले.

"सगळ्यांनी सगळं कबूल केलं," ती म्हणाली. "ज्यानं करायला पायजे हुतं त्यो गप उभा हुता. त्यांचा जोडीदार."

"तुम्ही त्याच्याशी बोललात?"

"गेलते की कारखान्यात. म्हनला, वैनी, त्यो हितंच हाय, काळजी करू नका." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "ताई, मला ह्येचा राग येतो. जित्तेपनी सकाळी जायचं ते दिवे लागल्यावर यायचं. आता मेल्यावर बी तितंच. घरी एकदा आले न्हाईत. सपनात सुदिक न्हाई. पोरगं इचारतं, त्याला बी न्हाई दिसले. सासूबाईंना न्हाई. त्या मशिनीपाशी बसल्यात. म्हंजे आमी कुनीच न्हाई का त्यांचं?"

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. शेवटी विचारलं, "मी काय करू शकते?"

"तुमी नेम दिला. तुमीच सोडवा."

"अहो, मी काय महाराज आहे का?" मी फटकन म्हटलं. "मी नुसती भाषण करणारी बाई आहे. जोडीनं बसलं की चुका कमी होतात, एवढंच सांगितलं मी."

"त्यांनी नेम धरला न्हवं? मग तुमीच दिला." ती हलली नाही. "तुमी न्हाई म्हनला तर मी कुनाकडं जाऊ?"

भाऊ दारातून म्हणाला, "चल गं, बाईंना काय समजत न्हाई ह्यातलं." त्याने ते इतक्या समजुतीच्या सुरात म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "उद्या हॉलवर या. पुढच्या रांगेत बसा."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या आधी मी लिहिणाऱ्याला विश्रामबागेतल्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यात गाठलं. त्याला मी पुन्हा बोलावलंच होतं. म्हटलं, "हे बघा, एकट्यानं बसलं तरी चालतं. मी सांगतेय ना."

"मला नका सांगू मॅडम," तो म्हणाला. "नेम दोघांनी धरला हुता. मला एकट्याला सोडवून काय उपेग? त्याला सांगा."

"कुणाला?"

त्याने शेजारी बघितलं. मी पण बघितलं. व्हरांड्यात ऊन पडलं होतं आणि आम्हा दोघांच्या सावल्या होत्या, बाकी काही नाही.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "पैल्यांदा मीच वाजवायचो. सवयच लागलेली, ऐकल्याबिगर हात पुढं जाईना. डाव्या हातानं टेबल वाजवायचो, मग चूक हुडकायचो. आन् एक दिवस असं झालं, का टेबल वाजलं आन् माजं दोनी हात कीबोर्डवर हुतं." त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले. "मी भ्यालो न्हाई मॅडम. मला बरं वाटलं. ह्या वर्साचा अख्खा हंगाम त्याच्या जिवावर चाललाय. त्यो गेल्यावर मला कोन सांगनार?"

"त्यांच्या बायकोचं काय?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "वैनी आल्यात का?"

"येणार आहेत."

"मग सांगा त्याला," तो म्हणाला. "मी आडवा येत न्हाई."

हॉल गच्च भरला होता. साताऱ्याचं ऐकून लोक आले होते, शेजारी मेलेला माणूस बसतो म्हणून नव्हे, एकजण रिकाम्या खुर्चीशी बोलायची छान नक्कल करतो म्हणून. मी तपासणीच्या हत्याराबद्दल बोलले, हिरव्या-लाल पट्टीबद्दल बोलले. लिहिणारा टेबलाशी येऊन बसला. माईक डावीकडे. सुरुवातीलाच एकदा टक टक झालं, त्याने दुरुस्ती केली, लोक हसले. पहिल्या रांगेत ती बाई बसली होती. टक टक झालं तसा तिने हातातला रुमाल घट्ट धरला. तो आवाज तिने ओळखला होता. घरी जेवणाच्या ताटावर सुद्धा तिचा नवरा असंच वाजवायचा, मीठ पाहिजे असलं की, हे तिने मला नंतर सांगितलं.

मी माझा कागद बाजूला ठेवला आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात मी कितीतरी हॉलमध्ये बोलले, कधी ततपप झालं नाही. तिथे मात्र नजर कुठे ठेवायची तेच ठरेना. खुर्चीच्या गादीवर खळगा होता. जुनी खुर्ची, असणारच खळगा. तरी मी त्या खळग्याकडे बघेना. जरा वर, माणसाचे डोळे जिथे असतात तिथे बघून बोलले.

"तुम्ही दोघांनी माझ्यासमोर नेम धरला होता," मी म्हटलं. "मी म्हटलं होतं, सोडायची पाळी आली तर मला विचारा. विचारायला तुमच्या घरची माणसं आली. तेव्हा आता मी तो सोडवते. यांनी एकट्यानं बसलं तरी चालेल. तुमचं इथलं काम झालं. तुम्ही मोकळे आहात." मग मला पहिल्या रांगेतली ती मूठ दिसली, रुमालावर आवळलेली, आणि ठरवलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "आणि जाताना एकदा घरावरून जा."

लोक हसायच्या तयारीत होते, पण हसले नाहीत. कुणीतरी खोकलं. मी स्टेजवरून खाली आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दुसरीकडे कुठे बसता आलं नसतं.

लिहिणाऱ्याने लिहायला सुरुवात केली. तेच काम, उसाचं वय. मी पडद्याकडे बघत होते. आजच्या तारखेतून लागणीची तारीख वजा करायची, त्याऐवजी त्याने मिळवली. अगदी पोरकट चूक, शाळेतल्या मुलालाही दिसावी अशी. त्याने ओळ पूर्ण केली आणि तो थांबला. मान डावीकडे कलली. तो वाट बघत राहिला.

माईकमधून फक्त पंख्याची घरघर येत होती. मला चूक दिसत होती. सांगावंसं इतकं वाटलं की मी जीभ दाताखाली धरली.

तो बऱ्याच वेळाने पुढे वळला आणि त्याने बटण दाबलं. पडदाभर लाल पट्टी आली. तो तिच्याकडे बघतही नव्हता. मान अजून तशीच कलती होती.

शेजारून तिने माझ्या दंडाला हात लावला. "ताई, लाल म्हंजे काय?"

"चूक राहिली," मी म्हटलं.

"म्हंजे त्यांनी बघितली न्हाई."

"नाही बघितली."

"मग हितं न्हाईत म्हनायचं."

"नाहीत."

ती गडबडीने उठली. पदर सावरला, पायाने चपला शोधल्या, भावाला खूण केली.

"निघते मी ताई," ती म्हणाली. "घराला कुलूप हाय."